पाळकसाहेबांची साक्ष

निवृत्त पाळकांची पेन्शन आणि आजारपण, हे माझं काम. चंद्रपूरला आमच्या मेथोडिस्ट मंडळ्यांचं ऑफिस आहे, तिथलं कोपऱ्यातलं टेबल माझं. पाळक, त्यांच्या विधवा, शाळेचे शिपाई, वसतिगृहाची आचारीणबाई, सगळे शेवटी माझ्याकडेच येतात आणि मी सगळ्यांवर खेकसते. "सही-शिक्क्याचं बिल आणा, हे काय चिटोरं आणलंत?" माझे वडीलही पाळकच होते, म्हणून लोक माझं बोलणं खपवून घेतात.

ज्यांच्याबद्दल सांगतेय ते पाळकसाहेब पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यात राहतात. आयुष्यभर बदल्या. आज नागभीड, उद्या गडचिरोलीकडचं एखादं गाव, आणि राहायला दर वेळी मंडळीचंच घर. निवृत्त झाले तेव्हा स्वतःचं छप्पर नव्हतं. बायकोच्या माहेरगावी दोन खोल्या बांधल्या आणि कुणी नेमलेलं नसताना आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत फिरू लागले. ख्रिस्ती असो, गोंड असो, कुणबी असो, लेकरू तापलं की लोक त्यांनाच बोलवायचे.

मग त्यांच्याच हृदयाची झडप बिघडली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बदलावी लागेल, फार थांबू नका. आमच्या निधीतून एका वेळी एकच मोठं ऑपरेशन निघतं, आणि त्यांचा नंबर लागला होता. निधीच्या समितीपुढे त्यांचं प्रकरण मीच ठेवलं होतं.

तेवढ्यात कापणीचा सण आला. या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणतात आणि आराधनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्याआधी असते साक्षीची वेळ. देवानं ज्याचं काही भलं केलं, त्यानं उभं राहून ते सगळ्यांना सांगायचं. त्यांच्या गावच्या सणाला समितीचे लोक गाडी करून गेले होते, मीही होते. गावातल्या बायांनी पाळकसाहेबांसाठी उपास धरले होते. त्या पुढेच बसल्या होत्या, तोंडं पार सुकलेली. पाळकसाहेब खांबाला धरून उठले आणि म्हणाले, "प्रभूनं मले बरं केलं. छातीतलं दुखणं गेलं." झालं! हालेलुया काय, टाळ्या काय, ढोलकी काय. मी तर ढसाढसा रडले.

सोमवारी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मग आता ते ऑपरेशन नको ना?" मी म्हटलं, "नको. आपण सगळ्यांनी ऐकलंच की." आणि त्यांची जागा आचारीणबाईच्या मोडलेल्या खुब्याला दिली.

सांगा, जगातलं दुसरं कुठलं ऑफिस असं करेल? डॉक्टरचा रिपोर्ट बाजूला आणि साक्षीवर फाईल बंद! पण आमच्यात साक्ष दिलेल्या माणसाला 'खरंच का हो?' असं कुणी विचारत नाही. ते देवावर शंका घेतल्यासारखं होतं. हे कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस देत राहिले. खरं कारण जरा घाणेरडं आहे. त्यांचं हॉस्पिटल आमच्या यादीत नव्हतं, रोज फोन करून माझा घसा बसायचा. ती कटकट परस्पर मिटली म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता.

उन्हाळा लागला आणि पाळकबाईंचा फोन आला. "बाई, आमच्या साहेबाच्या आपरेशनचं काय झालं? काऊन कोणी काई सांगून नाई राह्यलं?"

"अहो, त्यांनी तर साक्ष दिली ना?"

"साक्ष देल्ली, पण आडवं झालं का त्याहिचा दम कोंडते. बसल्या बसल्याच झोपतेत."

दुसऱ्या दिवशी बस पकडून गेले. पाळकसाहेब अंगणातून दारापर्यंत थांबत थांबत आले, ओठ काळेनिळे. आणि मी मेली, त्यांच्यावरच भडकले. "बरं नव्हतं तर उभे कशाला राहिलात, साहेब?"

ते म्हणाले, "त्या बाया माझ्यासाठी उपाशी होत्या, बाई. त्याहिच्या तोंडाकडे पाहून कसं सांगू, का काईच फरक नाई? आन् त्या टाइमाले खरंच हलकं वाटलं होतं जी."

आचारीणबाईचं ऑपरेशन उरकून निधी मोकळा झाला होता, पण समितीत विषय काढला तर तिथे वेगळंच. "भर देवळात बोललेत ते. मग साक्ष खोटी म्हणायची का? तसं असेल तर त्यांनीच मंडळीपुढे सांगावं." पाळकसाहेबांना निरोप दिला, तर ते नाहीच म्हणाले. "गावचा विश्वास मोडंल, बाई. मले तसंच जाऊ द्या."

खरं तर मी एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. 'डॉक्टरचा रिपोर्ट माझ्याकडे होता, चूक माझी.' बस्स. मी मूग गिळून बसले. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत आणि माझी पेन्शन त्याच समितीच्या हातात आहे. शिपायांवर खेकसणारी मी, अध्यक्षांपुढे माझा आवाज फुटला नाही.

पुढच्या रविवारी अध्यक्षांबरोबर मी पुन्हा त्या गावी गेले, पाळकसाहेबांना समजवायला म्हणून. साक्षीची वेळ आली आणि ते नाही, पाळकबाई उठल्या. पदर डोक्यावर घेतला. म्हणाल्या, "आमच्या साहेबानं सणाच्या दिवशी देल्ली थे साक्ष खरी नव्हती. त्याहिले बरं नाई. तुमी मले काईबी म्हणा. मले माझा माणूस पाहिजे."

कुणी हालेलुया म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. उपास धरणाऱ्यांतली एक म्हातारी उठली आणि चप्पल पायात सरकवून निघून गेली. मला तेव्हा तरी उठायला हवं होतं. सत्तरीच्या बाईला स्वतःच्या नवऱ्याला भरल्या देवळात खोटं पाडावं लागलं, ते माझ्यामुळे. मी मागच्या बाकावर दातखीळ बसल्यासारखी बसून राहिले.

ऑपरेशन झालं. झडप बसली, माणूस वाचला. आचारीणबाईही तुरुतुरु चालते. समितीनं 'प्रकरण चांगलं हाताळलं' म्हणून माझं कौतुक केलं, आणि मी लाज सोडून थँक्यू म्हटलं.

पाऊस ओसरल्यावर पाळकसाहेब औषधांची बिलं घेऊन ऑफिसात आले. चेहऱ्यावर चांगली लाली. मी खुर्ची दिली, चहा सांगितला, एकाही बिलावर खेकसले नाही. विचारलं, "मग, प्रार्थनेला फिरता की नाही गावात?"

"नाई, बाई. आता कोणी बोलवत नाई. लेकरू तापलं तं सरळ दवाखान्यात नेतेत." ते हसले. "बरंच आहे म्हना थे."

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, चूक माझी होती. समितीत मी बोलायला पाहिजे होतं. त्याच्याही आधी, सण झाल्याबरोबर, तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

मला वाटलं, म्हणतील, जाऊ द्या बाई, देव क्षमा करणारा आहे. पाळकच ते.

ते म्हणाले, "हो, विचारायले पाहिजे होतं. तिकडं लिलाव सुरू झाला, तवा मी चिंचेखाली येऊन एकटाच बसलो. म्हटलं, ह्या बाईपाशी डॉक्टरचा रिपोर्ट आहे, हे येऊन विचारंल. मी खरं सांगणार होतो. लय वेळ वाट पाहून राह्यलो होतो." बिलं टेबलावर नीट सरकवत ते पुढे म्हणाले, "तुमी गाडीतून हात हलवला आन् निंगून गेल्या."