वाटीला चीर नाही

आमच्या घरात तिला सगळे दगडूमावशी म्हणतात. माझ्या आईची ही धाकटी बहीण. लहानपणी ती शाळेतून येताना खिसे भरून दगड आणायची, आणि धुण्याआधी खिसे तपासायचे राहिले की मशीनमधून असा खडखडाट व्हायचा की शेजारचे दार उघडून बघायचे. पुढे ती भूशास्त्र शिकली आणि जमिनीखालचं तेल नि वायू शोधणाऱ्या एका कंपनीत लागली. आजी म्हणाली, चला, आता दगडांचा पगार तरी येईल.

तिला या वेडात सगळ्यात जास्त साथ दिली ती मामांनी. मामा म्हणजे आजीचे भाऊ. खरं तर ते आई आणि मावशीचे मामा, पण घरात लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. शहराच्या कडेला त्यांची रोपवाटिका होती. कुंड्यांसाठी खडी आणायला खाणीवर जाताना ते मावशीला ट्रकमध्ये पुढे बसवून न्यायचे आणि तिचं मन भरेपर्यंत तिला दगड निवडू द्यायचे. मामी कुरकुर करायची की हा माणूस गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवतो आणि भाचीला दगड वेचायला घेऊन जातो. मामा हसून सोडून द्यायचे.

मावशीचं ऑफिसातलं काम बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटावं असंच. जमिनीला वरून धक्के देतात, ते खोलवरच्या थरांवर आपटून परत येतात, आणि परतीचे हे आवाज टिपून जमिनीच्या पोटातल्या थरांचं चित्र उमटवतात. ती चित्रं भिंतीला लावून मावशी दिवसभर रंगीत पेन्सिलींनी रेषा ओढत बसायची. एकदा अशाच चित्रात तिला शहराबाहेरच्या भागाखाली एक सुरेख घुमट दिसला. चादर दोन्ही बाजूंनी ढकलली की मध्ये वर येते ना, तसे थर मध्ये उचलले गेले होते. तेल साठायला याहून चांगली जागा नाही. आणि घुमटाच्या बरोबर माथ्यावर मामांची रोपवाटिका होती. तीही कुठली बाजू, तर संत्र्याची जुनी झाडं उभी होती ती. त्या झाडांच्या फांद्यांवरचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, काढून मामा नवीन रोपांच्या खुंटांवर कलम म्हणून भरायचे. म्हणजे आसपासच्या कितीतरी बागांमधली संत्री मुळात या झाडांची लेकरं.

बाजूच्या पडीक जमिनीवर यंत्र उभं करून तिरकं खोदता आलं असतं. पण ते अवघड आणि खर्चाचं होतं. मावशीने झाडं तोडून तिथेच सरळ खोदण्याची शिफारस केली. ही तिच्या नावावर लागणारी पहिली विहीर होती. मग कंपनीने मामांकडे बोलणी करायला माणूस पाठवायचा, त्याऐवजी मावशीच म्हणाली, मी जाते.

त्या संध्याकाळी मामीच्या स्वयंपाकघरात मीही होते. मामांनी साधाच प्रश्न विचारला होता, जमिनीखाली तेल येतं कुठून? मावशीला तेवढंच हवं होतं. ती सांगू लागली. इथे कधीकाळी समुद्र होता. त्यात डोळ्यांना दिसणार नाहीत असे जीव होते, शेवाळ होतं. ते मरून तळाशी पडायचे. वर असते तर कुजून संपले असते, पण तळाच्या चिखलात हवाच नव्हती, म्हणून ते तसेच राहिले. त्यावर चिखल साचत गेला, थरावर थर, आणि तो सगळा गाळ खाली खाली दबत गेला. जमिनीत जितकं खोल जावं तितकं गरम. त्या उष्णतेत तो मंद आचेवर शिजला. आच कमी पडली तर काहीच होत नाही, बेताची लागली तर तेल होतं, फार लागली तर नुसता वायू उरतो.

"म्हणजे खाली तेलाचं तळं आहे?" मामीने विचारलं.

मावशी म्हणाली, तळं नाही. दगडातच असतं, कणांमधल्या बारीक फटींत, स्पंजात पाणी असतं तसं. ज्या चिखलाच्या दगडात ते तयार होतं त्यातून ते दाबाने बाहेर पडतं, आणि शेजारच्या वाळूच्या दगडात शिरतं. त्या दगडात आधीच खारं पाणी असतं. तेल पाण्याहून हलकं, म्हणून ते फटीफटीतून वर सरकत राहतं. वाटेत काही आडवं आलं नाही तर थेट जमिनीवर येऊन संपतं. पण वर घट्ट मातीचा थर असला आणि तो घुमटासारखा असला, तर तिथे अडकतं.

मग तिने काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, त्यात एक काचेची वाटी पालथी बुडवून धरली आणि औषधाच्या ड्रॉपरने तिच्याखाली खाण्याचं तेल सोडलं. मामी म्हणाली, जमिनीतलं काढायच्या आधी माझं घरातलं संपव. तेलाचे थेंब वर आले आणि वाटीच्या पोटात जमा झाले. मामा खाली वाकून कौतुकाने बघत होते. रोपं बघताना बघायचे तसेच.

"आणि वाटीला चीर असली तर?" त्यांनी विचारलं.

"मग जाईल निघून," मावशी म्हणाली. "पण या वाटीला चीर नाही, मामा."

 मामा मामीकडे बघून म्हणाले, "ही म्हणतेय ना, मग झालं." आणि उठून हात धुवायला गेले.

चीर होती की नव्हती, हे मावशीला तेव्हा माहीत नव्हतं. पण शंका होती. भिंतीवरच्या चित्रात घुमटाच्या एका अंगाने एक भेग तिरकी वर चढत गेलेली दिसायची. वर मातीच्या थरापाशी चित्र धूसर होतं. पहिल्या दिवशी मावशीने पेन्सिलीने ती भेग थेट मातीतून आरपार काढली होती. दुसऱ्या दिवशी ती रेषा तिने खोडली आणि वाळूच्या दगडातच थांबवली. बैठकीत तिच्या वरिष्ठांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि ही वर जात नाही ना, म्हणून विचारलं. तिने सांगितलं, नाही, खालीच संपते. आवाज इतका ठाम होता की पुढे कुणी काही विचारलं नाही. हे सगळं मला तिनेच पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

झाडं तोडली त्या दिवशी ती तिकडे फिरकली नाही. ऑफिसात काम आहे म्हणाली. मामांनी आधी जमतील तेवढे डोळे काढून घेतले होते, पण तो हंगाम त्याचा नव्हता, त्यातले बरेचसे वाया गेले. मग करवत चालली, खडी पडली, आणि खोदायची रिग उभी राहिली.

खोदताना खालचा दगड चुरा होऊन वर येतो. तो धुऊन जांभळ्या दिव्याखाली धरतात. तेल असेल तर चमकतो. वाळूच्या दगडाचा चुरा आला तेव्हा चमकला. रिगजवळच्या केबिनमध्ये एकच आनंद झाला, कुणीतरी मावशीची पाठही थोपटली. पण विहिरीत सोडलेल्या उपकरणांनी वेगळं सांगितलं. फटींमध्ये पाणी होतं, सगळं खारं पाणी. तेल होतं ते फक्त कणांना चिकटून राहिलेलं, भांडं रिकामं केल्यावर कडेला राहतं तेवढंच.

बाकीच्यांना ते दुर्दैव वाटलं. मावशीला मात्र तिथल्या तिथे कळलं. तेल तयार झालं होतं, वर सरकलं होतं, घुमटात साठलंही होतं. मग भेगेतून निघून गेलं होतं, माणूस जन्मायच्या कितीतरी आधी. तिच्या पहिल्या दिवसाच्या रेषेने जसं सांगितलं होतं तसंच. तिचे कान तापले. केबिनमध्ये सगळे तिची समजूत घालत होते आणि ती मान खाली घालून चहाचा कप नुसता धरून बसली होती. लोकांना वाटलं, बिचारीला लागलंय.

विहीर सिमेंटने बुजवली, रिग गेली. मामांच्या जमिनीवर खडी आणि एक काँक्रीटचा चौथरा उरला. कंपनीने ठरलेली भरपाई दिली, त्यात काही वावगं नव्हतं. आठवड्याभराने मामा स्वतः जिना चढून मावशीच्या घरी आले. हातात संत्र्यांची पिशवी होती, तोडलेल्या झाडांपासून वाढलेल्या एका बागेतली. त्यांनी तिला समजावलं की जमिनीच्या पोटातलं कुणाला दिसलंय, तू तुझं काम नीट केलंस, मनाला लावून घेऊ नकोस. मावशीने पिशवी घेतली, त्यांना पाणी दिलं आणि एक शब्द बोलली नाही. त्यातलं एकही संत्रं तिने सोललं नाही. पिशवी तिने इमारतीच्या पहारेकऱ्याला देऊन टाकली.

त्यानंतर तिचं मामांकडे जाणंच बंद झालं. मामीचा फोन आला की हिला बैठक असायची, सर्दी असायची, गाडी बिघडलेली असायची. माझी आई तिच्यावर चिडली. म्हणाली, त्यांची झाडं गेली आणि तोंड तू लपवतेस, उलटाच न्याय. आईला काय ठाऊक की ती किती खरं बोलतेय.

अखेर एकदा मामीनेच फोनवर सहज सांगितलं. चौथरा बघून गिऱ्हाइकं विचारतात, तेव्हा मामा प्रत्येकाला थांबवून सांगतात की आमच्या भाचीनं सगळं बरोबर सांगितलं होतं हो, तेलानंच दगा दिला. भाचीला बोल लागू नये म्हणून धडपड चालली होती. मावशीने फोन ठेवला, ऑफिसात अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगितली आणि भर दुपारी रोपवाटिकेत गेली.

मामा शेडमध्ये बसून खुंटांवर डोळे भरत होते. हातात सुरी होती, मांडीवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला. ती उभ्या उभ्याच बोलली.

"मामा, ती भेग मला दिसली होती."

मामांना आधी कळलंच नाही. तिने सगळं सांगितलं. पेन्सिलीची रेषा, ती कशी खोडली, बैठकीत काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. वाटत होतं."

"मी विचारलं होतं तुला. चीर असली तर, म्हणून."

"हो."

"तेव्हा म्हणाली असतीस, की मामा, शंका आहे, तर मी नाही म्हटलं असतं?"

"तुम्ही नाही म्हणाल अशी भीती होती," मावशी म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं."

मामांनी हातातला डोळा खुंटात बसवला, पट्टी गुंडाळली, गाठ मारली. मग सुरी पुसून बाजूला ठेवली. ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"मी हो म्हटलं असतं गं," ते म्हणाले. "शंका आहे म्हणाली असतीस तरी म्हटलं असतं. झाडांचं जाऊ दे. मी जिना चढून तुझी समजूत काढायला आलो होतो. तेव्हा तू माझ्यासमोर बसून ती काढू दिलीस."

 ती निघून आली. मामांनी तिला थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वरिष्ठांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात झटकले. म्हणाले, धूसर जागी रेषा कुठे थांबवायची हे प्रत्येकजण आपापल्या मनाने ठरवतो, पुढच्या कामाला लागा. शिक्षा झाली असती तर काहीतरी फिटल्यासारखं वाटलं असतं. तेही झालं नाही. त्यानंतर मात्र ती प्रत्येक बैठकीत दोन चित्रं लावू लागली, एक तेल असेल असं सांगणारं आणि एक ते का नसेल हे सांगणारं. ऑफिसात तिला पाठीमागे शंकेश्वरी म्हणायचे. तिच्या कानावर ते आलं होतं, पण तिने दुसरं चित्र लावणं सोडलं नाही.

मामांकडे ती पुन्हा जाऊ लागली, कारण न जाणं आता आणखी वाईट दिसलं असतं. मामा नीट बोलायचे. पण ती गेली की आतून खुर्ची मागवायचे, पंखा लावायला सांगायचे, चहा चालेल का म्हणून विचारायचे. जिने त्यांच्या ट्रकमध्ये बसून पाय हलवत बिस्किटं खाल्ली होती, तिला ते पाहुणीसारखं वागवू लागले. ती खुर्ची तिला टोचायची. नको म्हणायची सोय नव्हती.

पुढे मामांचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली आणि खाली बसून काम करणं बंद झालं. मावशी दर रविवारी जाऊन रोपांच्या पिशव्यांत माती भरू लागली. कामात ती अगदीच कच्ची होती. माती ठासून भरायची, मग मूळ गुदमरायचं. मामा लांबूनच म्हणायचे, सैल, सैल भर. याहून जास्त बोलणं बऱ्याचदा व्हायचं नाही. एकदा मी तिला विचारलं, मामांनी माफ केलं का गं तुला? ती म्हणाली, मी विचारलेलं नाही, कुठल्या तोंडाने विचारू?

अशाच एका रविवारी मी तिच्यासोबत होते. एक जोडपं गुलाबाचं रोप न्यायला आलं होतं. त्यातल्या बाईंचं लक्ष चौथऱ्याकडे गेलं आणि त्यांनी हे काय आहे म्हणून विचारलं. मामा खुर्चीत किंचित सावरून बसले. मला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील. काय सांगतील, याचीच मला धास्ती होती.

मावशीने मातीचे हात ओढणीला पुसले. "तेलाची विहीर होती," ती म्हणाली. "इथे संत्र्याची झाडं होती. ती तोडून मी खोदायला लावलं. तेल निघून गेलेलं असेल अशी खूण मला आधी दिसली होती, पण मी ती कुणाला सांगितली नाही."

बाई अवघडल्या. अनोळखी माणसाकडून एवढं ऐकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने रोपाकडे. मावशीचा चेहरा गळ्यापर्यंत लाल झाला होता, पण या वेळी तिने मान खाली घातली नव्हती.

मामांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी रोप हातात घेतलं, मावशीने भरलेल्या पिशवीच्या बुडाशी बोटाने दाबून माती सैल आहे ना ते बघितलं आणि बाईंना म्हणाले, "पहिला आठवडा सावलीत ठेवा. आणि पाणी बेतानं घाला."