बाबांची रायफल धाकट्याकडे गेली

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी ती बाई बोलायला फटकळ, पण हात असा स्थिर की मालकही तिला वचकून असे. हा हात घडला रानात. तिचे वडील टपाल वाटायचे आणि सुट्टीच्या पहाटे रायफल घेऊन रानडुकरांच्या मागावर जायचे. सोबत ही. धाकटा भाऊ बार ऐकला की कानांत बोटं घालून रडायचा, म्हणून तो आईपाशी घरीच. पहिल्या बाराला हिचा खांदा आठवडाभर काळानिळा होता आणि तो ती शाळेत सगळ्यांना दाखवत फिरली होती.

बाबा गेले. मृत्युपत्रात घर हिला आणि आजोबांपासून चालत आलेली रायफल धाकट्याला. घराचं तिला काहीच वाटलं नाही. रायफलीचं मात्र असं लागलं की महिनाभर ती भावाशी धड बोलली नाही.

धाकट्याने रायफल बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगली. ही दर रविवारी जायची, चहा घ्यायची आणि तिरक्या नजरेने भिंतीकडे बघत राहायची. दस्त्यावर धूळ, नळीवर गंजाचे ठिपके. बाबांचा घाम मुरलेला चामडी पट्टा काढून त्याने नवा नायलॉनचा लावला, त्या दिवशी ती चहा अर्धा टाकून उठली. पाहुण्यांना तो ऐटीत सांगायचा, ही आमच्या बाबांची. आमच्या म्हणे. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी भाऊ कामावर होता आणि भावजय शेजारी गेली होती. हिच्याकडे त्यांच्या घराची किल्ली असायची. तिने रायफल उतरवली, चादरीत गुंडाळली आणि सरळ आपल्या घरी आणली. स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून तिने नळीतून तेलाचा बोळा फिरवला, दस्ता पुसला, खांद्याला लावून पाहिला. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

संध्याकाळी धाकटा आला. तो ओरडेल, पोलिसांचं नाव काढेल, असं तिला वाटलं होतं. उत्तरंही तयार होती. तो मात्र खुर्ची ओढून रायफलीसमोर बसला.

"ताई, तू बारा वर्षं त्यांच्याबरोबर गेलीस," तो म्हणाला. "मी खिडकीतून तुम्हाला जाताना बघायचो. शेवटच्या आजारपणात मी हीच एक गोष्ट मागितली त्यांच्याकडे. तेवढी तरी मला राहू दे."

हा आपला हेवा करत असेल हे तिच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. दया आली, पण राग काही गेला नाही. तिने रायफल चादरीत बांधून त्याच्या हातात दिली आणि तेलाची बाटलीही दिली. नळी आतून कशी पुसायची ते त्याला तिथेच शिकवलं, दोनदा चुकला तेव्हा रागावलीही.

आता गंज नसतो. धाकटा नेमाने तेल लावतो आणि चुकलं तर तिला फोन करतो. ती अजून रविवारी जाते. त्याच्या हातात रायफल दिसली की अजून हेवा वाटतो, हे ती दुकानात कुणी विचारलं तर लपवत नाही. पण किल्ली तिने त्याच संध्याकाळी परत केली. स्वतःवर तिचा तेवढा भरवसा नव्हता.