माझी बदली कोणी केली

माजी आमदारांचा निरोप आला तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की या माणसाला आता माझ्याकडून काय हवंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत होतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. राहायला पवनीतच, त्यांच्या घरापासून फार लांब नाही. पण वीस वर्षांत मी त्यांच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

निरोप घेऊन त्यांचा पुतण्या आला होता. म्हणाला, "काकाजीची पंचाहत्तरी होऊन राहिली. त्यायच्या आयुष्यावर पुस्तक काढाचं हाय. तुमीच लिहा म्हणतात."

"मीच काहून? गावात लिहिणारे कमी आहेत का?"

"मले का माहीत सर. मले तुमचं नाव सांगतलं, मी आलो."

नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता. मी हो म्हणालो, कारण मला एका गोष्टीचा छडा लावायचा होता.

वीस वर्षांपूर्वी ते आमदार असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून आले होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी माइकवर बोलून गेलो की या शाळेला आजवर तीन पुढाऱ्यांनी भेट दिली आणि छप्पर तिन्ही वेळा गळतच होतं. पोरं हसली, पालक हसले. आमदारही हसले. त्यानंतर उन्हाळ्यात माझ्या हातात बदलीचा आदेश पडला, प्रशासकीय कारणास्तव. गाव कुठलं, तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तुमसरच्याही पलीकडे, चिखल्याच्या मॅंगनीज खाणीजवळ. तेव्हा बदल्या संगणकावर होत नव्हत्या. आमदाराचं पत्र गेलं की माणूस हलायचा, हे शिपायालाही माहीत होतं.

मी आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला नोकरदार. माझ्या बोलण्याला तिथं वजन होतं. "आपला माणूस जरा खरं बोलला तर त्याले खाणीत पाठवलं," असं लोक म्हणू लागले आणि मी त्यांना थांबवलं नाही. उलट पुढच्या निवडणुकीआधी दर रविवारी गावी येऊन घरोघरी चहा प्यायलो. प्रचार केला नाही. सरकारी नोकराला तो करता येत नाही. फक्त माझी हकीकत सांगितली. आमच्या वस्तीचीच नव्हे, आजूबाजूच्या वस्त्यांचीही मतं फिरली. आमदार पडले. पुन्हा कधी निवडून आले नाहीत.

तर अशा माणसाला ते स्वतःचं चरित्र लिहायला बोलावत होते. यात काहीतरी डाव असणारच, असं मी धरून चाललो.

पहिल्या दिवशी फाटकावरची पाटी नीट पाहिली. 'आमदार' हा शब्द जुन्या रंगातला होता आणि 'माजी' हा मागाहून वेगळ्या निळ्या रंगात वर बारीक लिहिलेला होता. आत ते भिंतीला पाठ लावून बसले होते. समोरच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाले, "बसा गुरुजी. चहा घेता ना? का माह्या घरचा चालत नाही?"

"चालतो," मी म्हणालो. प्यायलो मात्र अर्धाच.

ते सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो. धानाच्या शेतकऱ्याचं घर, लहानपणी आईच्या मागं चिखलात उभं राहून केलेली रोवणी. मग भात गिरणीत कारकून, मग गावचे सरपंच, मग जिल्हा परिषद, मग आमदारकीची एकच मुदत. नागपूरच्या अधिवेशनात पहिल्या दिवशी पोलिसानं त्यांना फाटकावर अडवलं, कारण पायात साधी चप्पल होती आणि बरोबर कुणी नव्हतं. त्यांनी मामा तलावांतल्या गाळावर प्रश्न विचारला होता. आमच्याकडे जुन्या मालगुजारी तलावांना मामा तलाव म्हणतात. त्यांच्यावरच धान पिकतो. मंत्र्यांनी उत्तर दिलं, तपासून पाहू. "अजून तपासूनच राहिले असतीन," ते म्हणाले.

यातलं मी काहीही सरळ मानलं नाही. घरी यायचो आणि पडताळून पाहायचो. गिरणीतल्या जुन्या हमालाला गाठलं. त्यांच्या शेजारच्या गावच्या माजी सरपंचाकडे गेलो. विधिमंडळाच्या कामकाजाचं छापील पुस्तक एका ओळखीच्या वकिलाकडून मागवलं. तलावाचा प्रश्न खरंच विचारलेला होता. चप्पल खरी होती. एकच गोष्ट खोटी निघाली. तरुणपणी सायकलनं नागपूरला गेलो होतो असं ते सांगत, तर हमाल म्हणाला, "सायकल ट्रकवर टाकून गेलते जी. मीच चढवून देल्ती." मला त्या दिवशी चक्क बरं वाटलं.

संशय घेणारा मी एकटा नव्हतो. मी वही मिटून उठलो की ते विचारायचे, "हे वाचते कोण? तुमच्याकडं कोण येऊन राहिले सध्या?" एकदा म्हणाले, "तुमाले कोणी पाठवलं तर नाही?"

"तुम्हीच बोलावलं," मी म्हणालो.

"ते झालंच. पण हो काहून म्हणाले, ते नाही कळलं मले."

मी वही पिशवीत टाकली आणि निघालो.

महिनाभरानं त्यांनी मला कागदपत्रांची खोली उघडून दिली. फळ्यांवर गठ्ठे रचलेले, प्रत्येकाला सुतळी आणि वर पुठ्ठ्याची चिठ्ठी: रस्ते, वीज, तलाव, नोकऱ्या, बदल्या. मी बदल्यांचा गठ्ठा आधी काढला. दोन दिवस तो चाळला. शिक्षकांची, ग्रामसेवकांची, नर्सबाईंची पत्रं होती. माझ्या नावाचं काहीच नव्हतं. म्हणजे काढून टाकलं असणार, मी मनाशी म्हणालो. निगुतीनं कागद सांभाळणाऱ्या माणसाच्या गठ्ठ्यात नेमका एकच कागद नसावा?

वरच्या फळीवर कापडात बांधलेला एक गठ्ठा होता. त्याला चिठ्ठी नव्हती. मी स्टुलावर चढून हात घातला तर ते दारातून म्हणाले, "तो नाही, गुरुजी."

"का? त्यात काय आहे?"

"बायांची पत्रं हायेत. ते पुस्तकात नाही येत."

"मी फक्त बघतो."

"बघाचंही नाही." आवाज चढवला नाही त्यांनी. जवळ आले, गठ्ठा स्वतः काढला आणि आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मी घरी आलो तो जणू काहीतरी जिंकून. बायको पोह्याला कांदा चिरत होती. मी म्हणालो, "सापडलं. इतके दिवस साधेपणाचं सोंग घेऊन बसला होता. एस.टी.नं फिरतो, चप्पल घालतो. आणि कपाटात बायांच्या पत्रांचा गठ्ठा. कुलपात. मी हात लावला तर कसा धावत आला. तूच सांग, असा गठ्ठा कोण लपवतो?"

ती कांदा चिरत राहिली. मी आणखी दोन-तीन गोष्टी बोललो. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मग तिनं विळी बाजूला सरकवली आणि पदराला हात पुसले.

"असं नोका बोलू त्यायच्याबद्दल," ती म्हणाली. "त्या गठ्ठ्यात माझंही पत्र असंल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुमची बदली मी मागितली होती," ती म्हणाली.

मी खाली बसलो. तिनं सगळं सांगितलं, न थांबता, जसं काही वीस वर्षं पाठ करून ठेवलं होतं. आमचं घर तेव्हा मोठं होतं. आई, दोन भाऊ, त्यांच्या बायका. हिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नामुळं राहिलं होतं. पुस्तक हातात दिसलं की आई म्हणायची, आता कलेक्टर होते का. ही मला सांगायची, वेगळं राहू, निदान दोन वर्षं. मी म्हणायचो, आई काय म्हणंल. दर वेळी हेच. महिलांच्या बचत गटाच्या मेळाव्यात आमदार आले होते, तिथं तिनं त्यांच्या हातात पत्र दिलं. नवऱ्याची बदली लांब करा, घरी कुणाला कळू देऊ नका, त्यांनाही नाही.

"आणि ते हो म्हणाले?"

"वाचलं. मग मले विचारलं, मारतो का. मी म्हटलं, नाही, माणूस चांगला हाय, पण उठत नाही घरातून. ते हसले. म्हणाले, शब्द देतो, माझ्या तोंडून निघणार नाही."

मला चिखल्याची आठवण झाली. खाणीच्या वसाहतीजवळची दोन खोल्यांची भाड्याची जागा, दारासमोरून मॅंगनीजचे ट्रक जायचे, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसायची. आदेश आला तेव्हा मी तोंड पाडून बसलो होतो आणि ही ट्रंक भरताना गुणगुणत होती. मला वाटलं, बिचारी माझ्यासाठी धीर धरून आहे. तिथं तिनं बी.ए. केलं. वसाहतीतल्या पोरींच्या शिकवण्या घेतल्या. आमचे भांडण-तंट्याविना गेलेले दिवस तेच. आणि त्या सगळ्या दिवसांत मी रोज जेवताना आमदाराला शिव्या घालत होतो आणि ती वाढत होती.

"निवडणुकीच्या वेळी तरी सांगायचं," मी म्हणालो.

"सांगणार होती. दोनदा तोंडाशी आलं. मग तुमच्या मायले कळलं असतं, साऱ्या वस्तीले कळलं असतं. भेली मी." मग विळी पुन्हा पुढं ओढत म्हणाली, "पण बदली मागितली त्याचं वाईट नाही वाटत मले. तुमी आपल्या मनानं कधी निघाले असते काय?"

मला राग होता, पण नेमका कुणावर ते ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी उभ्यानंच म्हणालो, "बायकोनं सांगितलं."

त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "बरं झालं. तिनंच सांगाचं होतं ते."

"एक वाक्य बोलला असता तर तुमची सीट वाचली असती. मी घरोघरी फिरत होतो. तुम्हाला कळत होतं."

"कळत होतं ना. रोज कोणी ना कोणी येऊन सांगे, गुरुजी आज याच्या घरी बसला, उद्या त्याच्या घरी बसंल. कार्यकर्ते म्हणत, त्याच्यावर तक्रार करू."

"मग?"

"मग काय. बाईले शब्द देला होता." ते बाहेर पाहत राहिले. "आणि खरं सांगू काय, मले वाटलं निवडून येईन तरीही. तेवढा घमंड होता. पडणार हे माहीत असतं, तर तोंड बंद ठेवलं असतं का नाही, देव जाणे. त्यावरून मले चांगला लिहू नोका."

मी माफी मागायचा प्रयत्न केला. शब्द नीट जुळले नाहीत. त्यांनी हात हलवला आणि आतून चहा मागवला. मग मी विचारलं, पुस्तक लिहायला मलाच का बोलावलं.

"बाकीचे आरती लिहितीन," ते म्हणाले. "तुमी एकेक गोष्ट जाऊन इचारून येसान, हे मले माहीत होतं. तो हमाल आलता इथं. सायकलीचं सांगून गेला. ते काढा आता."

मी सायकलीची गोष्ट काढून टाकली. बदलीची गोष्टही लिहिली नाही. त्यांनी ती मागितली नाही, बायकोनंही तेव्हा नको म्हटलं. पुस्तक लहानसंच झालं. प्रकाशनाला शे-दीडशे माणसं आली असतील, त्यातली अर्धी जेवणासाठी. ते व्यासपीठावरही भिंतीकडे पाठ येईल अशीच खुर्ची धरून बसले आणि भाषण करणाऱ्या प्रत्येकाकडे, हा आता का स्तुती करतोय, अशा नजरेनं बघत होते.

त्यानंतर आमच्या वस्तीत जायला मला जड जाऊ लागलं. बुद्धविहारासमोरच्या पारावर मी बसलो की बोलणं थांबायचं. शेवटी माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा एक मित्र म्हणाला, "ज्यानं तुले खाणीत पाठवलं त्याचंच पुस्तक लिहिलंस. काय भेटलं रे त्याच्याकडून? पोराची नोकरी लावून देऊन राहिला काय?"

"काही नाही भेटलं."

"मग कायले लिहिलंस?"

मी त्याच्याकडे पाहिलं. दोन-तीन माणसं ऐकत होती. उत्तर माझ्याजवळ तयार होतं आणि तेवढ्यानं सगळं मिटलं असतं. "सहज लिहिलं," मी म्हणालो. त्यानं मान हलवली, विश्वास नव्हताच.

परवा बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "आता लिहून टाका सारं. सासूबाई नाहीत, तुमचे भाऊ, माझे भासरे, तेही नाहीत, भांडायले कोणी उरलं नाही." म्हणून हे लिहिलं. मित्राला वाचायला दिलं. त्यानं दोन पानं वाचली, कागद परत दिले आणि म्हणाला, "हेही त्यानंच लिहून घेतलं असंल तुझ्याकडून."