सिस्टरांची हत्यारं

"काम सांग, मग गाडीत बस." सिस्टर असं पक्कडीला म्हणायच्या. पक्कड तळहातावर तोलायच्या, मिटायच्या, उघडायच्या. काम सुचलं तर ती पांढऱ्या फडक्यावर, नाहीतर परत पेटीत.

ऐकून तुम्हीही हसला असता. आमची गल्ली तर रोज हसायची. परभणीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं मांडण्यात सिस्टरांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढून पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. त्यातच राहत समुद्राच्या कडेकडेनं हिंडायचं, तेही एकटीनं.

भाच्यानं हौसेनं हत्यारांची चकचकीत पेटी आणली. त्यातून स्क्रूड्रायव्हर, टेस्टर आणि ती पक्कड एवढंच फडक्यावर आलं. शेजारी फ्यूज, चिकटपट्टी, टॉर्च, जॅक, चाकपाना. "जे माझ्या हातानं चालत न्हाई, त्याचं वजन गाडीनं का ओढावं?"

मी स्त्रीमुक्ती चळवळीची पत्रकं वाचत वाढले, आता लिहितेही. 'स्वातंत्र्य' हा शब्द आम्ही ठळक छापतो. तो चाकाच्या नटापाशी अडू शकतो, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

पालमहून त्यांचा धाकटा भाऊ आला. "आक्का, ड्रायव्हर घेऊन जा. चाक बसलं तर काय करनार?"

"बदलीन."

"नट तरी हलंल का तुला? हलला तर मी गप. न्हाई हलला तर गाडी इकायची."

"कबूल," सिस्टर म्हणाल्या. गल्ली जमली.

"आधी जॅक लाव की!" भाऊ ओरडला.

"चाक अधांतरी झालं की गरगर फिरतंय. आधी नट."

त्यांनी पाना लावून जोर दिला. काही नाही. अंगाचा सगळा भार टाकला. पाना सटकला, त्या गुडघ्यावर आल्या. टायरवाल्यानं मशीननं आवळलेले नट ते. कुणीतरी फिसकन हसलं.

"झालं का, आक्का?" भाऊ हळूच म्हणाला. त्याला जिंकणं जड जायलं होतं.

सिस्टर पान्याकडे बघत राहिल्या. "मी कमी न्हाई पडले. पाना आखूड पडलाय."

भिंतीला बोअरच्या पाइपाचा तुकडा टेकलेला होता. तो त्यांनी पान्याच्या दांड्यावर चढवला आणि टोकाला धरून सावकाश दाबला. कट्ट! मग दुसरा, तिसरा... सगळे. एवढीशी बाई, आणि लोखंड तिचं ऐकत होतं.

त्यांनी पाइप पुसून फडक्यावर ठेवला.

सिस्टर गाडी घेऊन निघाल्या, त्याला आता बरेच दिवस झाले. कधी गोकर्णहून फोन येतो, कधी त्याच्याही खालून. भाऊ बाजाराच्या दिवशी एस.टी.नं येतो, तुळशीला पाणी घालतो आणि त्यांच्या पायरीवर बसतो. येणाऱ्याजाणाऱ्यानं न विचारताच सांगतो, "आक्का घरी न्हाई. एकलीच गेलीय."