मुळाला बांधलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणून जीभ थोडी सैल होते आहे.

नांदुऱ्यात आमच्या भिंतीला लागून एक नारळाचं झाड होतं. शेजारच्या कुसुमवहिनींचं. दुपारी मी ओसरीवर आडवा व्हायचो तेव्हा झावळ्यांची सावली भिंतीवरून हळूहळू सरकायची, सळसळ कानात यायची आणि घटकाभर वाटायचं, आपण समुद्राकाठी आहोत. खरा समुद्र मी एकदाच पाहिलाय. त्या सावलीत मात्र रोज जायचो. मग अशा झाडाचं मी वाईट का करावं?

सांगतो. मी कृषी सहाय्यक होतो. सारी नोकरी लोकांना सांगत आलो — इकडच्या उन्हात नारळ धरत नाही, नाद सोडा. वहिनी रोप लावत होत्या तेव्हाही हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि न्हाणीचं पाणी वळवून झाड वाढवलं. पहिला नारळ उतरला तो माझ्याच हातात दिला.

“घ्या भाऊजी. याले तुमचं पुस्तक वाचता येत नाही.”

गल्ली हसली. मीही हसलो. हातच्या काकणाला आरसा कशाला, झाड लगडलेलं समोर उभं होतं. दर नवरात्रात अख्ख्या गल्लीच्या घटांवर त्यांचेच नारळ बसायचे, आणि पहिला नारळ माझ्या घरी यायचा — त्याच वाक्यासकट. थट्टा होती, कळत होतं मला. पण त्या नारळाचं खोबरं मला कधी गोड लागलं नाही.

मग एका वर्षी नारळांच्या देठाजवळच्या टोपीखाली फिकट चट्टे आले, ते तपकिरी होऊन तडकले. कोळी नावाची कीड पडली होती. ती डोळ्याला दिसत नाही, टोपीच्या आत बसून कोवळं फळ शोषते. उपाय मला पाठ होता. पेन्सिलीएवढं ताजं मूळ शोधायचं, तिरका काप द्यायचा, कडुनिंबाच्या औषधात तितकंच पाणी मिसळून पिशवी मुळाला बांधायची. झाड ते पिऊन घेतं. वहिनींनी खामगावहून बाटली मागवली.

“तुमच्याच हातानं करा भाऊजी. मले त्यातलं काई समजत नाही.”

मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं — इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं पुस्तक मागत होतं. मी मूळ शोधलं. काप दिला. पिशवी बांधली. आणि पिशवीत — कसं सांगू — नुसतं पाणी होतं. नळाचं.

दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी. “पेलं पाहा झाडानं,” म्हणत वहिनी बुंध्यावरून हात फिरवत होत्या. पाणी काय, झाड पितंच. वर्षातून तीनदा बांधायचं असतं. मी दोन वर्षं बांधलं, दर वेळी पाणीच. पुढच्या खेपेला खरं घालू, असं वाटायचं. खरंच वाटायचं हो. घातलं नाही.

लिंबाएवढी फळं गळू लागली. उरली ती डागी, घटावर कोण ठेवणार? गल्ली बाजारातून नारळ आणू लागली. कुणी म्हणालं, देवीचा कोप आहे. एका सकाळी वहिनींनी भिंतीपलीकडून विचारलं, “तोडू का भाऊजी?” या किडीनं झाड मरत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, तोडा.

आता माझी भिंत दुपारभर कोरी असते. मी तिच्याकडे बघत पडून राहतो.

वहिनी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “भाऊजीनं लय केलं हो झाडासाठी. काई कसर नाही ठेवली.” मी ते ऐकतो. बाटली माझ्या कपाटात आहे, कपड्यांच्या मागे. तिचं सील अजून फुटलेलं नाही.