बाईचं गळणं आणि भाऊची पेटी

जळगावच्या दाणाबाजारात माझ्या भावाबद्दल, महावीरबद्दल, कुणालाही विचारा. "हस्तीमलशेठचा मुलगा ना? माणूस सोन्यासारखा, पण गिऱ्हाईक ताटकळत ठेवून रेडिओ खोलून बसतो," असंच सांगतील. त्यात तसूभरही खोटं नाही. ज्वारीच्या पोत्यांच्या आड त्याचे पेचकस, राळ आणि सोल्डरिंगचं सामान कायम पडलेलं असायचं. वडील रागवायचे, तो "हो" म्हणायचा आणि पुन्हा तेच करायचा. स्वतः मात्र कधी चिडायचा नाही. चिडण्याचं काम घरात माझ्याकडे होतं आणि मी ते मन लावून करायची.

त्याचं दुसरं वेड म्हणजे हवाइयन गिटार. मांडीवर आडवी घ्यायची आणि तारांवरून लोखंडी दांडी सरकवत वाजवायची. दुपारी जेवण झालं की तो बाईसमोर बसून एखादं स्तवन वाजवायचा. आईला आम्ही बाई म्हणतो. बाईला त्याच्या वाजवण्याचं भारी कौतुक होतं. पण एकाहत्तर साल येईपर्यंत तिचे कान इतके मंदावले की पाठीमागे भांडं पडलं तरी ती वळेना. डॉक्टरांनी हात टेकले. ती भावाच्या बोटांकडे बघत मान डोलवायची, तेवढंच. एका दुपारी भाऊ वाजवायचं थांबून तार जुळवत होता आणि बाई आपली मान डोलवतच होती. त्या दिवशी दुकानात त्याने एकही रेडिओ खोलला नाही.

पुढच्याच महिन्यात तो कामासाठी धुळ्याला गेला आणि येताना एस.टी.त मांडीवर ही भलीमोठी पेटी घेऊन आला. तिकडचा एक ऑर्केस्ट्रा मोडला होता. त्यातल्या चुडामण नावाच्या गिटारवाल्याकडून त्याने जुना अँप्लिफायर घेतला होता. आत व्हॉल्व्ह, पुढे स्पीकर. गिटारचा बारीक आवाज वाढवून मोठा करणारं यंत्र. "पेटी भारी शे भाऊ, बठ्ठं चालस," म्हणजे सगळं चालतं, असं म्हणे चुडामणने अहिराणीत सांगितलं. बाईला एकदा ऐकू आलं पाहिजे, एवढंच भावाच्या डोक्यात होतं.

मागची फळी काढली तर आत कोपऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर. भावाने पेचकस उचलला तोच बाईने त्याचा हात धरला. "आत तिची पिल्लं असतील. हात लावायचा नाही. आणि पेटी चालूही करायची नाही, व्हॉल्व्ह तापतात म्हणालास ना?"

"बाई, हे तुझ्यासाठीच आणलंय," भाऊ तिच्या कानाशी ओरडला.

"मग माझं ऐक," बाई म्हणाली.

जैनाच्या घरात यापुढे कुणी काय बोलणार? आम्ही वाट पाहिली. मी रोज त्या माशीच्या नावाने बोटं मोडायची, भाऊ रोज शांतपणे डोकावून बघायचा. अखेर मातीला भोकं पडली, पिल्लं उडून गेली आणि भावाने ते रिकामं घर अलगद काढलं. पुन्हा कुणी जीव आत जाऊन जळू नये म्हणून बाईने पाणी गाळायचं जाड गळणं दुहेरी केलं आणि पेटीच्या उघड्या पाठीवर ताणून बांधलं. गाठी तिच्या, सोडायच्याही तिनेच.

मग ती दुपार आली. भाऊने बटण फिरवलं, तारेवर दांडी सरकवली आणि बाईने चमकून वर पाहिलं. तिला ऐकू येत होतं. ती गुडघ्यावर ताल धरू लागली, डोळे मिटले. आणि स्तवन अर्ध्यावर आलं असताना पेटी मुकी झाली.

बाईने डोळे उघडले. भाऊची बोटं अजून तारांवर फिरतच होती. तिने ती पाहिली आणि गुडघ्यावरचा हात पदराखाली घेतला. "गेलं," ती म्हणाली. "एवढं आलं तेच खूप झालं."

"तुझे कान नाही, पेटी बिघडली," भाऊ ओरडून सांगत होता. ते दाखवण्यासाठी त्याने गळणं सोडायला लावलं, इथे-तिथे ठोकलं, पुन्हा चालू केलं. पेटी ठणठणीत वाजली. बाई हसली. "बघ. पेटी चांगली आहे. माझं मन राखायला खोटं बोलू नकोस."

मग हे असंच चाललं. गळणं बांधून वाजवलं की काही वेळाने आवाज जायचा. दोष शोधायला पाठ उघडली की पेटी शहाण्यासारखी वाजायची. भाऊने घरच्या रेडिओतले व्हॉल्व्ह घालून पाहिले, कंडेन्सर बदलले, आवाजाचं बटण साफ केलं. उघड्या पेटीत काहीच सापडेना. आणि बाईची खात्री झाली की तिचे कान येतात-जातात आणि लवकरच कायमचे जाणार. ती जैन स्थानकात साधूंच्या व्याख्यानालाही जाईना. "नुसतं तोंडाकडे बघत कशाला बसू?" म्हणायची. भाऊचं जेवण निम्म्यावर आलं. मला तर ती पेटी धुळ्याला परत फेकून यावीशी वाटायची.

एकदा पेटी अशीच मुकी झाली तेव्हा मी रागाने तिच्या पाठीवर चापट मारली आणि हात झटकन मागे घेतला. गळणं तव्यासारखं तापलं होतं. "अरे, हिला आत वाफ धरलीय," मी म्हणाले. भाऊ आजही म्हणतो की त्याला ते आधीच कळलं होतं. असो.

दुसऱ्या दिवशी त्याने उलटंच केलं. पेटी चालू केली आणि तिच्यावर मुद्दाम गोधडी पांघरली. मला गिटार छेडत बसवलं. आवाज गेल्याबरोबर त्याने गोधडी फेकली, बाईच्या गाठींची पर्वा न करता गळणं ओढून काढलं आणि पेटी थंड व्हायच्या आत कोरड्या लाकडी काडीने एकेक जोड दाबून पाहू लागला. व्हॉल्व्हच्या बैठकीपाशी काडी टेकली आणि गिटार एकदम बोलली. काडी उचलली, गप्प. तिथल्या सोल्डरला केसाएवढी भेग होती. तापली की उघडायची, निवली की मिटायची.

भाऊने सोल्डरचा डाग लगेच दिला नाही. त्याने स्वयंपाकघरातून बाईला हाताला धरून आणलं, काडी तिच्या हातात दिली आणि आपल्या हाताने तो हात नेमका त्या जोडावर नेला. मी तार छेडत होते. काडी दाबली की आवाज, सोडली की शांत. बाईने पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. मग तिने भाऊचा हात बाजूला सारला आणि स्वतःच दाबून पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "म्हणजे हीच बंद पडत होती," ती म्हणाली. "मी नाही."

भाऊने विजेची पीन काढली, पेटी निवू दिली आणि जोड नव्याने डागला. आता गळणं बांधायचं नाही, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. बाईच म्हणाली, "दुधाच्या कपाटाची जाळी काढून हिला लाव. वारा जाईल, जीव जाणार नाही." ते कपाट तिच्या माहेरचं होतं. दूध त्या दिवसापासून ताटाखाली झाकलेलं राहू लागलं.

जाळी ठोकून झाल्यावर भाऊने तेच स्तवन वाजवायला घेतलं. अर्धं आलं, तशी मी पेटीकडे बघू लागले. पेटी वाजतच राहिली. शेजारच्या पुष्पाबाई काय गोंधळ आहे म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या. घरात आम्ही सगळे बाईशी इतकी वर्षं ओरडूनच बोलत होतो, आणखी जोरात, आणखी जोरात.

बाईने पुष्पाबाईंना आत यायची खूण केली आणि भाऊकडे वळून म्हणाली, "महावीर, आवाज जरा कमी कर रे."

भाऊने बटणाला नुसतं बोट लावलं, फिरवलं नाही, आणि वाजवत राहिला.