दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली पेन्शन

लिफ्ट अडकली ती माझ्यामुळे. आत ‘चार माणसे’ अशी पाटी होती, चार माणसं होती, आणि मी पाचवा शिरलो.

वरखालीमामांनी हात आडवा घातला होता. “पुढच्या खेपेला या.”

“मामा, अहो अख्खी समिती आत आहे. मी टिपणं घेणारा. मी नसलो तर सभेत काय झालं ते लिहिणार कोण?”

“आजवर लिहिलंत, त्यानं काय झालं?” मामा म्हणाले.

पण तोवर मी पोट ओढून घुसलोही होतो. जाळीचा दरवाजा माझ्या पाठीमागे कुरकुरत लागला. पहिला मजला गेला, दुसरा गेला. पण माणूस पोट किती वेळ ओढून धरणार? दुसरा आणि तिसरा यांच्या मध्ये मी श्वास सोडला, पाठीवरची पिशवी जाळीवर रेलली, जाळी बोटभर सरकली, आणि लिफ्टनं एक लांब उसासा टाकून तिथल्या तिथे बैठक मारली. मामांनी जाळी पुन्हा ओढली, बटण दाबलं, मग बटणावर मूठ आपटली. लिफ्ट ढिम्म. खालून पहारेकरी ओरडला, “मिस्त्री चहाला गेलेत!”

मामांनी डोळे मिटले. चहाला गेलेला मिस्त्री आणि धनुष्यातून सुटलेला बाण, दोन्ही हाक मारून परत येत नाहीत.

मामांचं खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. बाकी सगळ्यांचे ते वरखालीमामा. मिसरूड फुटली तेव्हा या सरकारी इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले, आणि मिशा पांढऱ्या झाल्या तरी तळमजला ते सहावा, सहावा ते तळमजला हेच चाललेलं. साहेब लोक बढती घेऊन वर गेले, निवृत्त होऊन खाली आले. दोन्ही वेळा पोहोचवलं मामांनीच. खरं म्हणजे मामांइतका वर चढलेला माणूस त्या खात्यात दुसरा नव्हता. फक्त संध्याकाळी ते रोज तळमजल्यालाच असत.

त्यांच्या कामाची एक शिस्त होती. एकदा जाळी लागली की मजल्याचा आकडा सोडून बोलायचं नाही, आणि कानावर पडेल त्याबद्दल विचारायचं तर मुळीच नाही. पण कानाला झाकण नसतं. त्यामुळे झालं असं, की जगातली प्रत्येक गोष्ट मामांना ठाऊक होती, आणि अर्धीच ठाऊक होती. कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं हे कळे. का मोडलं ते चौथ्या मजल्यावर उतरून जाई. एक साहेब जंगलात समोरासमोर वाघ आल्याची गोष्ट सांगत होते. वाघ झाडाखाली उभा राहिला आणि पाचवा मजला आला. साहेब पुढे निवृत्त झाले. वाघ मामांच्या डोक्यात अजून तसाच झाडाखाली उभा आहे.

आता गंमत बघा. दिवसभर लोकांना उभ्याउभ्या वर नेणारा हा माणूस राहायला होता चौथ्या मजल्यावर, आणि त्या घराला लिफ्ट नव्हती. मामांचं काही म्हणणं नव्हतं. “दिवसभर हातच चालतो, पायांनीही काही करू दे की,” म्हणायचे. प्रश्न मामींचा होता. मामींच्या गुडघ्यांनी बेमुदत संप पुकारला होता. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे मामा पुढे, शेजारी मागे, आणि मध्ये दर पायरीला दोघांचाही उद्धार करणाऱ्या मामी. एरवी त्यांचं सगळं जग म्हणजे गॅलरीचा कठडा, दोरीला बांधलेली टोपली आणि आवाज. गुडघे गेले पण आवाजाला धक्का लागला नव्हता. चौथ्या मजल्यावरून त्या भाजीवाल्याशी घासाघीस करत आणि भाजीवाला खाली उभा राहून हरत असे. तरी अधूनमधून म्हणायच्या, “एकदा तरी वांगं हातात घेऊन, दाबून, नको म्हणून परत ठेवायचंय हो मला.”

मामांच्याच इमारतीत तळमजल्यावर शिंप्याची खोली होती. शिंपी मुलाकडे राहायला जाणार होता. मामा वर्षअखेरीला निवृत्त होणार, हातात एकरकमी पैसे येणार, ते शिंप्याला द्यायचे आणि मामींना खाली आणायचं, असं ठरलेलं. कागद नाही, काही नाही. शिंप्यानं तोंडात दोरा धरून ‘हो’ म्हटलं होतं, तोच शब्द. मध्यंतरी एक मोबाईल दुरुस्त करणारा रोख पैसे घेऊन त्या दाराशी घिरट्या घालू लागला होता. पण शिंपी बधला नव्हता.

आणि सरकारला समिती बसवायला नेमकं हेच वर्ष सापडलं. निवृत्तांची संख्या फुगत चाललीय, तिजोरी आटत चाललीय, तर पुढे पेन्शनचा भार पेलायचा कुणी, हे या समितीनं ठरवायचं होतं. अध्यक्षबाई एकेकाळच्या न्यायाधीश, आता स्वतःच पेन्शनवर. दुसरे अर्थशास्त्राचे प्रोफेसर. अंगानं काटकुळे, काखेत कायम आलेखांची गुंडाळी. तिसरे कर्मचारी संघटनेचे सेक्रेटरी, ज्यांना ध्वनिक्षेपक दिला तर ते अपमान समजत. हे तिघं सहाव्या मजल्यावर भांडत, आणि तिथे वेळ पुरत नसे म्हणून येता-जाता लिफ्टमध्ये भांडत. मामांच्या वाट्याला तो वाद यायचा तो असा मजल्यामजल्यानं.

आदल्या संध्याकाळी उतरताना प्रोफेसर बाईंना सांगत होते, “तिजोरीकडे बघता निवृत्तीची रक्कम एकदम देणं बंद करावंच लागेल, हप्त्याहप्त्यानं द्यावी लागेल...” एवढ्यात तळमजला आला. प्रोफेसर बाहेर पडले आणि वाक्याचं शेपूटही त्यांच्याबरोबर रस्त्याला लागलं.

हप्त्याहप्त्यानं वांगी येतात, खोली येत नाही. सकाळी कामावर निघताना ते शिंप्याच्या दारात थांबले. सरळ माणूस, दुसऱ्याला खोळंबून ठेवणं स्वभावात नाही. म्हणाले, “भाऊ, माझं काही जमेलसं दिसत नाही. देऊन टाका त्या मोबाईलवाल्याला.” मोबाईलवाला त्याच दिवशी विसार द्यायला येणार होता. मामींना सांगायचं मात्र राहिलं. त्याला धीर लागतो, आणि तो चार मजले चढून वर न्यायला लागतो.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं, की मामा जाळीकडे तोंड करून उभे आहेत आणि त्यांची पाठ माझ्यावर रागावली आहे.

सगळ्यांनी मोबाईल काढून छताकडे धरून पाहिले. त्या लोखंडी डब्यात रेंज कुठली? शेवटी अध्यक्षबाई मामांच्या स्टुलावर बसल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, “आपण तिघंही आहोत ना? मग कोरम झाला. सभा सुरू.”

“इथे?” प्रोफेसर दचकले.

“वर तरी काय वेगळं होतं? तिथेही कुणी जागचं हलत नाही.”

मी कागद काढले. टेकवायला जागा नव्हती म्हणून सेक्रेटरींच्या पाठीवर ठेवले.

“माझा मुद्दा साधा आहे,” प्रोफेसर म्हणाले. “ही लिफ्टच घ्या. पाटी चारची, आत माणसं पाच...”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“लिफ्टला वेळेवर तेल घातलं असतं तर सहा नेली असती!” सेक्रेटरी गरजले, आणि त्यांच्या पाठीबरोबर माझं अक्षरही गरजलं. “तेलाचे पैसे कुठे गेले ते विचारा आधी! सरकारनं शब्द दिलाय!”

“अहो, शब्द दिला तेव्हा माणसं वेळेवर मरत होती! माझे वडीलच घ्या. नोकरी केली त्याहून जास्त वर्षं पेन्शन घेतायत. आणि वर रोज सकाळी फिरायला जातात.”

“मग थांबवा त्यांना!”

“फिरायचं थांबवू?”

“तुमच्या आलेखातून काय निघतंय ते तुम्हीच बघा!”

“त्यांच्या वडिलांना जगू द्या,” बाई म्हणाल्या. न्यायाधीशपणाच्या सवयीनं त्यांनी ते निकालासारखंच सांगितलं. “मुद्द्यावर या. एकरकमी पैशांबद्दल काल मला सांगत होतात, ते याला नीट लिहून घेऊ दे.”

मामांची पाठ ताठ झाली.

प्रोफेसरांनी घसा खाकरला. “लिहा. तिजोरीकडे बघता निवृत्तीची रक्कम एकदम देणं बंद करावंच लागेल, हप्त्याहप्त्यानं द्यावी लागेल, असं अर्थखात्याचं म्हणणं आहे. मला ते साफ नामंजूर आहे. त्या पैशांवर माणसानं घर धरलेलं असतं, औषधपाणी धरलेलं असतं. आयत्या वेळी पाट ओढून घ्यायचा नाही.”

मामा गर्रकन वळले. त्या लिफ्टमध्ये एखादं वाक्य शेपटासकट ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

“म्हणजे... बंद नाही?”

आम्ही चौघंही दचकलो. मामा बोलले म्हणजे आम्हाला लिफ्टच बोलल्यासारखं वाटलं.

“कुठला मजला मामा? कशाबद्दल विचारताय?” सेक्रेटरी गोंधळून म्हणाले.

“मजला राहू द्या. यंदा जे जातायत त्यांचं काय, ते सांगा. पुरतं सांगा.”

“यंदाच्यांना हात लावायचा नाही!” प्रोफेसर आणि सेक्रेटरी एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे संशयानं बघू लागले. इतक्या दिवसांत दोघांचं जमलेलं हे पहिलं वाक्य.

“लिहून घे रे, फिरायच्या आत,” बाई मला म्हणाल्या.

“आणि वय?” मामा आता सुटले होते. “निवृत्तीचं वय वाढवायचं म्हणत होता तुम्ही. सहावा मजला आला, पुढचं राहिलं.”

“ते पुढच्या वर्षापासून. टप्प्याटप्प्यानं.”

“माझा कडाडून विरोध आहे!” सेक्रेटरी म्हणाले.

“विरोध लिही. कडाडून असंही लिही,” बाई म्हणाल्या. “पण मग भार उचलणार कोण? मूळ प्रश्न तसाच आहे की.”

तिघांची नजर एकमेकांवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. त्या डब्यात वयानं सगळ्यात लहान मीच होतो.

“नव्या लोकांच्या पगारातून थोडं जास्त कापावं,” प्रोफेसर म्हणाले.

“आणि जेवढं कापतील तेवढंच सरकारनंही घालावं,” सेक्रेटरी म्हणाले. म्हणजे हेही जमलं.

“थोडं म्हणजे किती?” मी विचारलं.

“टिपणं घेणाऱ्यानं बोलायचं नसतं,” बाई म्हणाल्या. मग माझी कपात मी माझ्याच हातानं, सुवाच्य अक्षरात लिहून घेतली.

इकडे मामांचा धीर सुटला. दोन्ही हातांनी जाळी गदागदा हलवत ते ओरडले, “अहो, बोलवा त्या मिस्त्रीला! माझी खोली चालली!” आणि जन्मभर न बोललेला माणूस जसा बोलतो तसं, शिंपी, गुडघे, वांगं, मोबाईलवाला सगळं एका दमात सांगून मोकळे झाले.

बाई स्टुलावरून उठल्या. “सेक्रेटरी, तुमच्या आवाजाचा आज तरी काही उपयोग होऊ दे.”

सेक्रेटरींनी जाळीला तोंड लावलं आणि “मिस्त्रीऽऽ!” अशी आरोळी ठोकली. वरच्या मजल्यावरची टंकयंत्रं गप्प झाली. रस्त्यापलीकडच्या टपरीवर मिस्त्रीनं हातातला चहा तसाच ठेवला म्हणतात. थोड्याच वेळात वर चाक फिरू लागलं आणि लिफ्ट आजारी माणसासारखी हळूहळू तिसऱ्या मजल्याला टेकली.

आधी उतारूंना उतरू द्यायचं हा मामांचा नियम. त्या दिवशी सगळ्यात आधी बाहेर पडले ते मामाच, कानाला फोन लावून.

“अगं, गॅलरीत जा आणि शिंपीभाऊंना हाक मार. म्हणावं, खोली देऊ नका.”

मामींचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. फोन नसता तरी आला असता. “देऊ नका म्हणजे? कुणाला देतायत ते?”

“घरी आलो की सांगतो.”

“आत्ता सांगा.”

“अगं, सकाळी मीच म्हटलं, द्या म्हणून.”

एकेकाळच्या न्यायाधीश असलेल्या बाईंनीसुद्धा मान खाली घातली. मग मामींनी फोन बाजूला धरला असावा, कारण “शिंपीभाऊऽऽ!” ही हाक थोडी लांबून आली. खालून काहीतरी पुटपुटल्याचा आवाज. पुन्हा मामी.

“काय म्हणतायत?” मामांनी विचारलं.

“येऊन गेला म्हणे मोबाईलवाला. पैसे घेऊनच आला होता.”

मामांनी फोन कानावर आणखी दाबला.

“मग?”

“मग काय! ‘उद्या या’ म्हणून परत पाठवला.”

“उद्या? का बरं?”

“का काय विचारताय? शिंपी ना ते! सांगितल्या दिवशी कुणाला काही दिलंय त्यांनी आजवर? माझ्या उशीचा अभ्रा गेल्या वर्षापासून ‘उद्या’ मिळतोय! सांगितलंय मी आता त्यांना, त्या मेल्याला उद्याही नाही आणि परवाही नाही. खोली आपली. तुम्ही या घरी, तुमच्याकडे बघते.”

मामा जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. ‘तुमच्याकडे बघते’ हे ऐकून इतका आनंद झालेला नवरा मी दुसरा पाहिला नाही. प्रोफेसर आलेखाच्या गुंडाळीनं त्यांना वारा घालू लागले. तिजोरी आटल्याचा तो आलेख होता. प्रथमच कुणाला त्यानं गार वाटत होतं.

समितीचं काम खरं तर संपलं होतं. पण सभेचा भत्ता सहाव्या मजल्यावर सही केल्याशिवाय मिळत नाही, म्हणून तिघंही पुन्हा लिफ्टमध्ये शिरले. मामांनी तोंड पुसलं, टोपी सारखी केली, आणि ते जाळीशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग होतोच. म्हटलं, केलेल्या कामाचं श्रेय मागायला लाजू नये.

“बघा हं मामा,” मी म्हणालो, “मी पाचवा घुसलो नसतो तर लिफ्ट अडकली नसती. लिफ्ट अडकली नसती तर तुम्हाला पुरतं वाक्य ऐकायला मिळालं नसतं, आणि खोली गेली असती. म्हणजे मामींना खाली आणलं ते कुणी? माझ्या या पोटानं! तेव्हा आता येऊ ना आत?”

मामांनी जाळी ओढून घेतली, कडी नीट बसली की नाही ते चाचपलं, आणि जाळीतून माझ्याकडे बघत म्हणाले, “जिन्यानं या.”